जुन्या हार्ड डिस्कवरचे विंडोज एसएसडीवर हलवायचे आहे : क्लोन करावे की नव्याने टाकावे?

शाईपेन

नमस्कार. माझा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल अशी कामे मी घरूनच करतो आणि ती सगळी २०१७ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर होतात. त्यात सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. गेल्या वर्षभरात तो इतका संथ झाला आहे की बटण दाबून मी चहाचे आधण ठेवतो, चहा गाळून आणतो, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. घड्याळ लावून पाहिले तेव्हा डेस्कटॉप दिसायला २ मिनिटे ४० सेकंद लागली.

५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, घ्यायचे ठरवले आहे. दुकानदार म्हणतात, सगळे फॉरमॅट करून नवे विंडोज टाकून देतो. माझी अडचण वेगळीच आहे. युनिकोड ही अक्षरांची समान पद्धत रुळण्याआधीच्या काळातले फाँट आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर या लॅपटॉपवर आहे. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली त्याच फाँटमध्ये असल्याने ते गेले तर पंधरा वर्षांचे काम नुसते चिन्हांचे ढिगारे होऊन बसेल. त्याची सीडी माझ्याकडे नाही. आम्ही सांगलीचे. २०१९ च्या महापुरात लॅपटॉप माळ्यावर चढवला आणि सीड्यांची पेटी खाली राहिली.

तेव्हा प्रश्न असा की, आहे ते विंडोज सगळ्या सॉफ्टवेअरसकट जसेच्या तसे नव्या एसएसडीवर नेता, म्हणजे क्लोन करता, येते का? आणि १ टीबीचा मजकूर ५०० जीबीत कसा मावायचा? सी, डी आणि ई असे तीन भाग आहेत. सी २०० जीबीचा असून त्यात १२० भरले आहेत, डीमध्ये १७० आणि ईमध्ये ५० जीबी आहेत.

दशमान

नेता येते, आणि मावतेही, कारण प्रत्यक्ष मजकूर ३४० जीबीचाच आहे आणि ५०० जीबीच्या एसएसडीवर विंडोजच्या मोजणीने ४६५ जीबी जागा मिळते.

आधी हा संथपणा कुठून येतो ते सांगतो, म्हणजे खर्च कशासाठी करतो आहोत ते कळेल. तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असेल. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात आणि हवा असलेला तुकडा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी ते डोके योग्य वर्तुळावर न्यायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. बेरीज केली तर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सेकंदाला ५५-६० च वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, आणि त्यामुळे सलग वाचनाचा वेग सेकंदाला १०० एमबी असूनही तुम्हाला चहा करायला वेळ मिळतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तोच तुकडा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात मिळतो.

तारतम्य

माझे मत दुकानदाराच्या बाजूने आहे. आठ-नऊ वर्षे वापरलेल्या विंडोजमध्ये काढून टाकलेल्या प्रिंटरांचे ड्रायव्हर, अर्धवट गेलेले अँटीव्हायरस आणि आपोआप सुरू होणाऱ्या वीस-पंचवीस गोष्टी साठलेल्या असतात. घर बदलताना माळ्यावरची अडगळ आपण नव्या घरात नेत नाही, मग इथेच का न्यावी? शिवाय विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. सातव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. अशा यंत्रावर जुनेच विंडोज जपून ठेवण्यात अर्थ काय?

निळावंती

तारतम्य, तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण शाईपेन यांची सीडी पुरात गेली आहे हे तुम्ही वाचले नाहीत असे दिसते. अडगळीबरोबर देव्हाराही टाकून द्या असा तो सल्ला होतो.

मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे चार संगणक एसएसडीवर नेले. तीन क्लोन केले आणि एकावर हौसेने नवे विंडोज टाकले. त्या एकावर डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, पोर्टलला लागणारी जुनी उपयुक्तता आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना परत मिळवण्यात तीन दिवस गेले, आणि तेही विवरणपत्रांच्या हंगामात. परवाना जुन्या डिस्कवर असतानाच परत करायचा असतो, हे आम्हाला डिस्क पुसल्यावर कळले. ज्या गोष्टी पुन्हा टाकता येतील याची खात्री आहे तेवढ्यांसाठीच नवी सुरुवात करावी. बाकी अडगळ क्लोन केल्यानंतरही सावकाश काढता येते, आणि एसएसडीवर ती काढण्याचे कामही लवकर होते.

शाईपेन, तुमचे सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालते की परवाना डिस्कमध्येच नोंदलेला आहे?

शाईपेन

डोंगल आहे, निळावंतीताई. पाठीमागच्या यूएसबीत कायम खोचलेले असते. त्याच्या टोपणाला मुलीने लहानपणी नेलपॉलिश लावले होते, ते अजून आहे.

निळावंती

मग निम्मी काळजी मिटली. क्लोनच करा.

कोकणकडा

एक अनुभव सांगतो, माझाच गाढवपणा आहे. डेस्कटॉपला एसएसडी जोडली, जुनी डिस्कही जोडलेलीच ठेवली आणि एसएसडीवर नवे विंडोज टाकले. उत्तम चालले. तीन महिन्यांनी जुनी डिस्क काढून भाच्याला दिली, तर माझा संगणक ‘सुरू करण्यायोग्य डिस्क सापडत नाही’ म्हणू लागला. विंडोज एसएसडीवर गेले होते, पण ते सुरू करणाऱ्या फायली त्याने जुन्या डिस्कवरच्या १०० एमबीच्या छोट्या भागात ठेवल्या होत्या, कारण तो भाग तिथे आधीपासून होता. दरवाजा एका घरात आणि माणसे दुसऱ्या घरात, असा तो संसार तीन महिने चालला होता.

डिस्क भाच्याकडून परत आणली, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांडची खिडकी उघडली आणि बीसीडीबूट ही आज्ञा वापरून एसएसडीवर नव्याने सुरुवातीच्या फायली बनवल्या. तेव्हापासून विंडोज टाकताना दुसरी प्रत्येक डिस्क केबल काढून बाजूला ठेवतो.

उंबरठा

भाचा काय म्हणाला?

कोकणकडा

भाच्याने ती तोवर फॉरमॅट केली नव्हती म्हणून बरे. त्याबद्दल आईसक्रीम वसूल केले.

शाईपेन

लॅपटॉपचा खालचा पत्रा उघडून पाहिला. अकरा स्क्रू निघाले आणि दोन रबरी पायांखाली लपलेले होते. आत अडीच इंची डिस्क आहेच, शिवाय बोटभर लांबीची एक रिकामी खाचही आहे. दुकानदार म्हणतात त्यात एनव्हीएमई एसएसडी बसेल आणि ती साध्या एसएसडीच्या सहापट वेगवान असते. मग तीच घ्यावी का?

दशमान

सहापट हा आकडा खोटा नाही, पण तो मोठी फाईल सलग वाचतानाचा आहे. साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी साधी एसएसडी, सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते आणि पीसीआयई ३.० या वेगवान जोडणीच्या चार मार्गिका वापरणारी एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. विंडोज सुरू होणे, फाँटची यादी उघडणे ही कामे लहान लहान वाचनांची असतात आणि तिथे दोघींतला फरक सेकंदा-दोन सेकंदांचा राहतो. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणे म्हणजे बैलगाडीतून एसटीत बसणे आहे. पुढचा फरक साध्या गाडीचा आणि निमआरामचा आहे.

शिवाय त्या खाचेचा आकार पाहून फसू नका. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. त्याच खाचेत काही लॅपटॉप फक्त साटा जातीची पट्टी ओळखतात, काही दोन्ही. पट्टीच्या सोनेरी दातांत दोन खाचा असल्या तर ती बहुधा साटा असते, एकच असली तर बहुधा एनव्हीएमई. लॅपटॉपच्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पारंबी

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ या ओळीपुढे काय लिहिले आहे ते सांगा. सी, डी, ई अशी वाटणी ऐकून मला शंका येते आहे.

शाईपेन

‘लेगसी’ असे लिहिले आहे. काही बिघडले का?

पारंबी

बिघडले नाही, पण निर्णय त्यावरच ठरतो. तुमचा लॅपटॉप यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, जाणणारा असला तरी कोणीतरी विंडोज जुन्या, म्हणजे एमबीआर पद्धतीने टाकलेले आहे. दुकानात सवयीने असे सर्रास करत असत. आता एनव्हीएमईवरून लेगसी पद्धतीने विंडोज सुरू होत नाही असेच धरून चाला. म्हणजे आधी डिस्कच्या वाटणीचा तक्ता एमबीआरचा बदलून जीपीटी या नव्या पद्धतीचा करावा लागेल. त्यासाठी विंडोजमध्ये एमबीआरटूजीपीटी नावाचे साधन २०१७ पासून आहे, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक भाग असतील किंवा एखादा ‘एक्स्टेंडेड’, म्हणजे पोटात आणखी भाग असलेला, भाग असेल तर ते काम करायला नकार देते. तुमचे डी आणि ई हे बहुधा एक्स्टेंडेडच्या पोटातले आहेत.

म्हणून माझा सल्ला असा की, मोह सोडा आणि अडीच इंची साटा एसएसडी घेऊन ती जुन्या डिस्कच्या जागी बसवा. विंडोजला वाटेल तीच साटाची तार, तीच लेगसी पद्धत. एमबीआरची २ टीबीची मर्यादा ५०० जीबीच्या डिस्कला कधी आडवी येणार नाही. दुकानदारांना कमी वेगाची वाटणारी वस्तूच तुमच्यासाठी योग्य आहे.

तारतम्य

पारंबी, हे मान्य. मी मूळ प्रश्न घाईत वाचला होता. मात्र एक पुरवणी जोडतो. ज्यांचा लॅपटॉप अलीकडचा आहे त्यांनी क्लोन करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास तात्पुरते थांबवावे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्कचे एन्क्रिप्शन पुष्कळदा न विचारताच सुरू झालेले असते, आणि नव्या डिस्कवरून सुरू होताना पडदा निळा करून ४८ आकडी कळ (रिकव्हरी की) मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण त्या खात्याचा पासवर्ड माणसाला अशा वेळीच आठवत नाही.

शाईपेन

साटा एसएसडी आणली. सोबत यूएसबीची तारही घेतली. एसएसडीच्या कंपनीनेच दिलेल्या मोफत सॉफ्टवेअरमधून फक्त सी आणि त्याच्या आधीचा छोटा भाग निवडून क्लोन सुरू केला. ६३ टक्क्यांवर वाचनाची चूक दाखवून ते थांबले. दुसऱ्यांदाही तिथेच. त्या वेळी डिस्कमधून एक बारीक टकटक ऐकू येते, नखाने टेबलावर वाजवल्यासारखी, थोडी थांबून पुन्हा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचे डिस्क तपासायचे साधन, दुरुस्तीसह चालवू का?

वाळवंट

थांबा, चेकडिस्क आत्ता चालवू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची प्रकृती पाहा आणि ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचायला अडणारे तुकडे, किती आहेत ते सांगा.

शाईपेन

पिवळ्या रंगात ‘सावधान’ असे येते आहे. पेंडिंग २४ आहेत.

वाळवंट

मग तुमचा लॅपटॉप केवळ म्हातारा झाला म्हणून संथ नव्हता, त्याची डिस्क मरणपंथाला लागली आहे. न वाचता येणाऱ्या तुकड्यावर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ विंडोज तिची वाट पाहत बसते. अशा डिस्कवर दुरुस्तीसाठी पृष्ठभाग तपासायला लावणे म्हणजे छातीत दुखणाऱ्या माणसाला जिने चढायला लावणे आहे. आधी सगळा मजकूर बाहेर काढा, दुरुस्ती नंतर प्रतीवर करा.

क्रम असा ठेवा. आज डी आणि ईमधले २२० जीबी दुसऱ्या एखाद्या बाह्य डिस्कवर साध्या कॉपीने घ्या, सर्वांत मोलाच्या फायली आधी. मग सीसाठी लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवा आणि डीडीरेस्क्यू वापरा. हे साधन नीट वाचता येणारा भाग आधी उचलते, अडणारी जागा ओलांडून पुढे जाते आणि शेवटी तिथे परत येते. कुठवर आलो याची नोंद ते वेगळ्या फाईलमध्ये ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ती नोंद मात्र दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

तुमच्या वाटणीचा एक फायदा आहे. छोटा भाग आणि सी हे डिस्कच्या सुरुवातीलाच सलग आहेत. म्हणून संपूर्ण डिस्क न घेता, सी जिथे संपतो तिथपर्यंतचाच, म्हणजे पहिला साधारण २०० जीबीचा पट्टा एसएसडीवर उतरवा. त्याबरोबर एमबीआर, डिस्कची ओळखखूण आणि सुरुवातीचा कोड आपोआप येतो आणि विंडोजला फसल्याची शंकाही येत नाही. फक्त वाटणीच्या तक्त्यात डी-ईची जुनी नोंदही येईल, जी एसएसडीच्या टोकाच्या पलीकडे जाते. ती खोडून उरलेल्या सुमारे २६५ जीबीत नवा डी बनवा. तुमचे २२० जीबी त्यात मावतात.

दोन गोष्टी विसरू नका. कुठून आणि कुठे यांची नावे तीनदा वाचून मगच एंटर दाबा, कारण ती उलटली तर रिकाम्या एसएसडीचे शून्य तुमच्या पंधरा वर्षांवर लिहिले जाईल. आणि पहिल्यांदा सुरू करताना दोन्ही डिस्क एकत्र जोडू नका. दोघींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज एकीला बाजूला टाकते, आणि कोणती ते तुम्हाला विचारत नाही.

उंबरठा

हे वाचून मी माझा लॅपटॉप बंद करून त्याला शाल पांघरली आहे.

प्रभातफेरी

मी एसएसडीबद्दल साशंक आहे. लिहून लिहून ती झिजते असे ऐकतो. हार्ड डिस्क निदान टकटक करून सांगते तरी.

दशमान

झिजते हे खरे आहे, पण हिशेब करा. ५०० जीबीच्या एका चांगल्या प्रचलित साटा एसएसडीची हमी ३०० टीबी लिखाणापर्यंतची आहे. रोज २० जीबी लिहिले, आणि अक्षरजुळणीत तेवढे होत नाही, तरी त्याला पंधरा हजार दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. तोवर शाईपेन यांचा लॅपटॉप वस्तुसंग्रहालयात असेल.

निळावंती

दशमान, प्रभातफेरी यांच्या दुसऱ्या वाक्याला उत्तर राहिले. एसएसडी पेशी झिजून क्वचित जाते, पण तिचा नियंत्रक बिघडला तर ती एका सकाळी दिसेनाशीच होते. आमच्या कार्यालयातली एक अशीच गेली, आदल्या संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती. शिवाय चुकून पुसलेली फाईल हार्ड डिस्कवरून अनेकदा परत मिळते, तर एसएसडीवर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणाऱ्या सोयीमुळे, ती जागा लगेच मोकळी केली जाते. म्हणून बाह्य डिस्कवरची प्रत एसएसडी आल्यावर जास्त नियमाने घ्यावी लागते.

शाईपेन

झाले! सविस्तर लिहितो.

डी आणि ईची प्रत पहिल्या दिवशी काढली. स्मरणिकेची एक फाईल वाचली गेली नाही, पण ती मी गिऱ्हाइकाला मेलने पाठवली होती, तिथून मिळाली. सीसाठी शेजारच्या अभियांत्रिकीच्या मुलाला बसवले आणि वाळवंट यांचे उत्तर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले. डिस्कची नावे आम्ही कागदावर लिहिली, आकारावरून ताडून पाहिली आणि मगच एंटर दाबले. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे तासाभरात आले. उरलेल्या काही एमबींसाठी डिस्क रात्री दोनपर्यंत टकटक करत होती. शेवटी ४८ केबी वाचताच आले नाहीत.

सकाळी जुनी डिस्क काढली. एसएसडी तिच्या पत्र्याच्या कवचात बसवताना थोडी सैल वाटली, कारण ती ७ मिलिमीटर जाड आहे आणि जुनी साडेनऊ होती. एसएसडीबरोबर आलेली प्लॅस्टिकची चौकट मी फेकायला निघालो होतो, ती याचसाठी असते हे मुलाने सांगितले. बटण दाबले आणि स्वयंपाकघराकडे वळलो, तर मागून विंडोजचा आवाज आला. २२ सेकंद. आधण ठेवायचेच राहिले.

त्यानंतर चेकडिस्क एसएसडीवर चालवली, मग विंडोजच्या स्वतःच्या फायलींची तपासणी केली. दोन फायली दुरुस्त झाल्या. डोंगल ओळखले गेले आणि २००९ मधली एक पत्रिका उघडून पाहिली, जोडाक्षरे जागच्या जागी आहेत. विंडोजने परवान्याबद्दल काही विचारले नाही.

आता एकच शंका. ट्रिम चालू आहे की नाही हे कसे कळायचे?

वाळवंट

प्रशासक म्हणून कमांडची खिडकी उघडून एफएसयुटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय अशी आज्ञा इंग्रजीत द्या. एनटीएफएसपुढे शून्य आले तर चालू आहे. नाव ‘बंद करा’ असे असल्याने शून्य म्हणजे चालू, हे उलटे लक्षात ठेवावे लागते. डीफ्रॅगच्या खिडकीतही डिस्क ‘सॉलिड स्टेट’ म्हणून दिसते का ते पाहा. क्लोन केल्यावर विंडोज कधी कधी जुनीच समजूत धरून बसते. तसे असल्यास प्रशासकाच्या कमांड खिडकीत विनसॅट फॉर्मल ही आज्ञा द्या, म्हणजे तिची समजूत निघते.

तारतम्य

आणि जुनी डिस्क?

शाईपेन

शून्य आले, आणि ‘सॉलिड स्टेट’ही दिसते आहे. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवली आहे. या वेळी वरच्या कप्प्यात.